घरीच राहता यावं म्हणून

वर्ध्याच्या आर्वी नाक्याजवळ पुण्याची ट्रॅव्हल्स उभी होती आणि बाबा माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते. चेन लागलेलीच होती. कॉलेज संपवून पहिल्यांदा निघालो तेव्हा याच ठिकाणी आई होती, दोन मावश्या होत्या, चिवड्याचे डबे होते आणि बाबा क्लीनरला ‘‘पोराले खिडकीची सीट देजो बाप्पा’’ म्हणून बजावत होते. या वेळी आम्ही दोघंच. आई मधल्या वर्षांत गेली. गाडी सुरू झाली तसे बाबा खिडकीखाली आले आणि म्हणाले, ‘‘मीच धाडलं तुले.’’

मी म्हटलं, ‘‘असं काऊन बोलता, बाबा?’’ त्यांनी नुसता हात हलवला आणि स्कूटरकडे वळले.

तुम्हा मित्रांपैकी जे वर्ध्यातच राहिले त्यांना वाटतं, पुण्याला जाणारी पोरं आनंदानं जातात. आणि माझ्यासोबत जे गेले त्यांना माहीत आहे की आपण दिवाळीला घरी येतो ते पाहुण्यासारखे येतो, बॅग पूर्ण उघडतही नाही. मला मात्र मधे एक वेगळाच काळ मिळाला. करोनात कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं, मी लॅपटॉप घेऊन वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला, आमच्या घरी आलो, आणि पुढं इतरांना बोलावणी आली तरी आमच्या टीमला ‘सध्या घरूनच करा’ म्हणून राहू दिलं. नोकरीही आहे आणि घरही आहे, असे दिवस मी आयुष्यात तेवढेच पाहिले.

पण घरी बसून काम करणं मला जमेना. सकाळचा कॉल मी पांघरुणातूनच घ्यायचो. कॅमेरा बंद, माईक बंद, एक डोळाही बंद. नाव पुकारलं की ‘येस, वर्किंग ऑन इट’ म्हणायचं आणि कुशीवर वळायचं. जेवण झालं की कूलरसमोर लॅपटॉप पोटावर घेऊन आडवा व्हायचो. मी कामावर आहे असं दाखवणारा स्क्रीनवरचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून की-बोर्डवर चमचा ठेवून द्यायचो. पुण्याच्या ऑफिसात आजूबाजूला माणसं असायची, चहाला हाक मारणारी, मागून डोकावणारी. त्यांच्या लाजेनं का होईना, काम होऊन जायचं. इथं लाज वाटावी असं कोणी नव्हतं. मी दिवसभर घरी दिसतो म्हणून शेजारच्या काकूंनी तर बाबांना हळूच विचारलं, ‘‘गुरुजी, पोराची नोकरी गेली काय जी?’’

एके दुपारी मॅनेजरचा फोन आला. आधी गोड बोलला, मग सरळच म्हणाला की घरून जमत नसेल तर पुण्याला ये, आमच्यासमोर बसून कर. फोन स्पीकरवर होता आणि बाबा दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. आता ऐकवतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘काम चांगलं केलं तं इथंच राहू देतीन का?’’

मी म्हटलं, देतील बहुतेक.

‘‘मंग करू ना,’’ ते म्हणाले, जणू नोकरी आम्हा दोघांची होती.

बाबा जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शेवटची बरीच वर्षं रोहण्याला नोकरी आणि बोरगावहून एसटीनं अप-डाऊन. घरातून निघाल्याशिवाय माणसाच्या अंगात काम येत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. वर्गात काय शिकवायचं ते त्यांना म्हणे एसटीतच सुचायचं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला घराबाहेर काढायला सुरुवात केली. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. स्वयंपाकघर माझ्या टेबलाला लागून असताना हे स्वतः पोळ्या लाटून, आलू-वांग्याची भाजी करून डबा भरायचे. मग ‘‘चाल, ड्युटीवर’’ म्हणून स्कूटर काढायचे. मागं मी, मांडीवर लॅपटॉपची बॅग. बुद्धविहारापर्यंत जायचं, तिथून वळून टपरीवर अर्धा-अर्धा चहा घ्यायचा आणि परत आमच्याच घरी, पण मागच्या दारानं. तिथं मला उतरवून म्हणायचे, ‘‘जाय, मन लावून करजो.’’

मधली खोली म्हणजे ऑफिस. तिथं ते पाऊल टाकत नसत. कोणी भेटायला आलं तर सांगायचे, ‘‘पोरगा ड्युटीवर गेला, संध्याकाळी येईन.’’ आणि भिंतीपलीकडून कॉलवर बोलणारा माझा आवाज त्या माणसाला चांगला ऐकू येत असायचा. संध्याकाळी मी मागच्या दारानं निघून पुढं जायचो, बेल वाजवायचो, आणि बाबा दार उघडून म्हणायचे, ‘‘आला का? थकला दिसून राह्यला.’’ पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. टपरीवाला तर रोजच म्हणायचा, ‘‘गुरुजी, तुमची शाळा काही सुटत नाई.’’

पण खरं सांगतो, काम होऊ लागलं. बूट घातलेल्या माणसाला पलंगावर आडवं होता येत नाही. शिवाय संध्याकाळी बाबा विचारणार, आज काय केलं, म्हणून सांगण्यासारखं काहीतरी करावंच लागायचं. सॉफ्टवेअरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी पूर्ण ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘‘म्हणजे चूक सापडली तं.’’ सापडली म्हटलं की खूश. आई गेल्यानंतर त्या घरात इतकं बोलणं पहिल्यांदाच होत होतं. एकटे असताना बाबा दोन-दोन वेळा सकाळचाच भात खायचे, हे मला काकूंनी सांगितलं होतं. आता ते भाजीला काय आणू म्हणून मला ऑफिसात, म्हणजे मधल्या खोलीत, फोन करायचे. इतका सुखी मी कधीच नव्हतो, आणि मला वाटतं तेही.

वर्षाच्या शेवटी अप्रेझल झालं. मॅनेजरनं माझं तोंड भरून कौतुक केलं. बाबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पेढे संपायच्या आत पुन्हा फोन आला: तुला टीम लीड करतोय, लीडला पुण्यात बसावं लागेल. मी नको म्हणून पाहिलं. तो म्हणाला, बघ बाबा, नाही म्हणणाऱ्यांचं पुढं काय होतं ते मी सांगू शकत नाही. टीममधले जे ना धड वर ना धड खाली असे रेंगाळत होते, त्यांना कोणी हातही लावला नाही. ते आपापल्या गावी, आपापल्या घरी राहिले.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ रिकामा डबा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्या जरा जास्तच करवून घेतलं रे तुह्याकडून.’’ मी समजावलं, बढती आहे, पगार वाढेल, तुम्ही पण पुण्याला चला. ते म्हणाले, तिथं मी काय करू, कोणाले ओळखतो. त्यानंतर आठवडाभर ते मला रोज तसेच ड्युटीवर सोडत होते. फक्त टपरीवर जास्त वेळ बसायचे.

पुण्यात मी वाकडला एका फ्लॅटमध्ये राहू लागलो. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस ‘होम’. त्या दोन दिवसांत मी सुरुवातीला बूट घालून सोसायटीला फेरी मारून यायचो. लिफ्टमधून वर येऊन माझ्याच चावीनं माझंच दार उघडायचो आणि आत कोणी नसायचं. लवकरच ते सुटलं. तरी काम चोख व्हायचं, कारण आता माझ्याखाली आठ जण होते आणि त्यांचे हिरवे-पिवळे ठिपके मी पाहत होतो. मॅनेजरचं बोलणं माझ्या तोंडी कधी आलं ते मला कळलंही नाही.

बाबांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. मधे छातीत दुखलं म्हणून सावंगीच्या दवाखान्यात भरती होते. मी चार दिवस येऊन गेलो, ते बरे होऊन घरी आले. त्यानंतरच्या एका संध्याकाळी ते एकदम म्हणाले, ‘‘बाबू, थोडा आळस करत जाय ना.’’

मी म्हटलं, म्हणजे?

‘‘दुपारी झोपत जाय. कॉलवर जाऊ नको एखाद्या दिवशी. काढून टाकलं तं टाकलं. घरी येशीन.’’

मला हसू आलं. तापातसुद्धा शाळेला जाणारा हा माणूस. मी म्हटलं, ‘‘गुरुजी असून असं शिकवता?’’

‘‘गुरुजी रिटायर झाला, बाबू. आता बापच राह्यला.’’

तेही हसले. मग टाकीत पाणी कसं चढत नाही ते सांगू लागले, आणि मी प्लंबरचा नंबर पाठवला.

थंडीच्या दिवसांत सकाळीच काकूंचा फोन आला. मी पोचलो तेव्हा अंगणात सगळी गल्ली जमली होती. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला रोहण्याहून त्यांचे जुने विद्यार्थी आले, मोठाले, मिशा असलेले, आणि लहान पोरांसारखे रडले. मला त्या दिवशी रडूच आलं नाही.

पुढं काही महिन्यांनी कंपनीनं पुण्यातलं ऑफिस लहान केलं. भाडं परवडत नाही म्हणाले. लीड असो की कोणी असो, आता कुठूनही काम करा. मेल वाचला आणि मी वाकडच्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बाबा गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडलो.

मग बॅग भरून बोरगावला आलो. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. कॉलवर गेलो नाही. जेवलो आणि भर कामाच्या वेळी पुढच्या खोलीत झोपलो, त्यांनी सांगितलं होतं तसा. उठलो तर ऑफिसातून एकच मेसेज होता, ‘ऑल ओके?’ मी ‘येस’ लिहिलं. त्यावर कोणीतरी अंगठा पाठवला. एवढ्यावर भागलं. कंपनीचं काही अडलं नाही, मला कोणी काढलं नाही. एवढा आळस मला बाबा होते तेव्हाही परवडला असता.

आपण पुष्कळ जागी हवे असतो, काही ना काही करून देण्यासाठी. काहीही न करता नुसता बसून असावा म्हणून मी एकाच घरी, एकाच माणसाला हवा होतो. ते घर आता माझ्या नावावर आहे, आणि आज मी तिथं दिवसभर रिकामा बसून आहे.