शाली, शिक्के आणि तळमजल्यावरची खोली

कॉलेज सोडलेल्या पोराला कोणी मोजत नाही, म्हणून त्याच्यासमोर मोठी माणसं काहीही बोलून जातात. किस्से साठतात ते असे. नव्वदच्या दशकात दोन वर्षं मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोजंदारीवर होतो. मुंबईतल्या जुन्या कॉलेजचं विद्यापीठ झालं, बिऱ्हाड नवी मुंबईत आलं आणि जुने कागद, फोटो, नकाशे तळमजल्यावरच्या एका खोलीत कोंबले गेले. त्याला म्हणायचं अभिलेखागार!

ती खोली कुलसचिवांना कॉम्प्युटर आणि एसीसाठी हवी होती. कागद रद्दीत. आणि त्याच कागदांवर, जमिनीसाठी लढलेल्या शेजारच्या जासई गावच्या वैशालीताईंची पीएचडी अडकलेली. विषय, कॉलेजातल्या पहिल्या मुली.

* * *

आमचे ग्रंथपाल करंदीकर सर. कोणी पुस्तक मागितलं की चष्म्यावरून बघायचे.

"कशाला हवंय?"

"वाचायला, सर."

"इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो!"

मी शिक्षण सोडलं ते पुस्तकांना कंटाळून नाही. पुस्तकांवर असे म्हातारे बसवलेले असतात म्हणून.

* * *

वैशालीताई पहिल्यांदा आल्या तेव्हा सर म्हणाले, "हा विभाग जतनासाठी आहे, वापरासाठी नाही."

"सर, लोणचंसुद्धा कधीतरी बरणीतून काढतात."

"उद्या या."

"मी उद्या येन, परवा पन येन. जासईची हाय मी!"

रोज आल्या. पंधरवड्यानंतर सरांनीच कंटाळून चावी दिली.

* * *

सरांचा नियम म्हणजे नियम. ग्रंथालयाच्या प्रत्येक वस्तूवर गोल शिक्का. पुस्तकं झाली, नकाशे झाले. मग फोटो निघाले. सरांनी संस्थापकांच्या कपाळावर बरोब्बर मधोमध शिक्का हाणला!

"सर, अहो, कपाळावर?"

"आता कुठेही गेले तरी परत आपल्याकडेच येतील."

* * *

मग नोटीस निघाली. माजी प्राध्यापकांनी संस्थेच्या इतिहासासाठी जुने कागद द्यावेत. कागद एकानेही आणला नाही. सगळ्यांनी आणल्या आपापल्या सत्काराच्या शाली! एक जण तर रिक्षातून स्वतःचा प्लास्टरचा अर्धपुतळा घेऊन उतरले.

"सर, हा कागद नाही," मी म्हणालो.

"गाढवा, हा इतिहास आहे!"

शाली कपाटात, डांबराच्या गोळ्यांत. पहिल्या मुलींचे प्रवेश-अर्ज मात्र जमिनीवर.

आठवड्यात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. पाणी दारातून खोलीत शिरू लागलं. वैशालीताईंनी कपाट उघडलं, एकेक शाल ओढली आणि जमिनीवर फेकली. मी पिळत होतो, त्या पसरत होत्या. एकही अर्ज भिजला नाही. हुश्श!

करंदीकर सर धावत आले. "अरे, ही तर डीन साहेबांची शाल!"

"हो सर," ताई म्हणाल्या, "सगळ्यात जास्त पाणी हिनेच प्यायलं."

* * *

शेवटी खोलीचा निकाल लावायला खुद्द कुलगुरूच आले. कडक माणूस, हसताना कोणी बघितलेला नाही. मागे कुलसचिव, हातात मोजपट्टी. आणखी मागे कुलगुरूंचे वर्गमित्र, तीन निवृत्त प्राध्यापक. रद्दीवाल्याचा टेम्पो दारात उभा.

पण बाई गप्प बसणारी नव्हती. तिने एक फोटो पुढे केला. धोतर-कोटातली पोरं आणि मधोमध एक मुलगी. नऊवारी, नथ, मान किंचित तिरकी.

"सर, माझ्या यादीतल्या सगळ्या मुली सापडल्या. हिचंच नाव कोणाला माहीत नाही."

"माहीत नाही? अहो, ही प्रभा!" पहिले म्हातारे म्हणाले. "माझ्या पुढच्या बाकावर बसायची."

"छे! ही नलू. माझ्या नोट्सवर पास झाली."

तिसरे बापट सर. त्यांनी फोटो हातात घेतला, हळूच हसले आणि आवाज खाली आणला. "नाव जाऊ दे. हिचं माझ्याकडे फार लक्ष असायचं."

कुलगुरूंनी हात पुढे केला. फोटो बराच वेळ बघितला.

"नाटकापुरती आणलेली नथ आईची होती," ते म्हणाले. "परत करेपर्यंत जीव खालीवर होत होता."

कुलसचिवांनी मोजपट्टी उलगडली. "सर, मग खोली रिकामी...?"

"खोलीला हात लावायचा नाही. एसी इथेच बसवा. ह्या फोटोंसाठी."

मी बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला पिटाळलं. परत येतोय तर कुलगुरू दारातच थांबलेले.

"आणि बापट," ते म्हणाले, "माझं तुझ्याकडे कधीच लक्ष नव्हतं."