टेनिसवाल्या बाई

कोर्टवर ती स्वतःला ‘अहो’ म्हणायची. चेंडू जाळ्यात गेला की डोळे मोठे करून स्वतःलाच रागवायची, "अहो बाई, पाय कुठे ठेवून आलात?" तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. त्यावरून नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या टेनिस कोर्टवर सगळेच तिला ‘बाई’ म्हणायला लागले. आमचे सरसुद्धा.

एकदा शालेय स्पर्धेत समोरच्या मुलीने पंचांकडे तक्रार केली, "सर, ही मला टोमणे मारतेय." बाई पार गोंधळली. "नाही हो सर, मी मलाच बोलतेय. तिला कशाला बोलू? ती चांगलं खेळतेय." पंचांना हसू आवरेना.

तिचे बाबा सातपूरला कारखान्यात होते. पहिली पाळी संपली की कंपनीच्या कपड्यांतच तिला मोटारसायकलवर घेऊन यायचे आणि कट्ट्यावर बसून डुलक्या काढायचे. ती घामाघूम होऊन आली की दचकून विचारायचे, "जिंकलीस?"

"सराव होता, बाबा."

"हां, मग चांगलं झालं."

डबल्समध्ये मी तिची जोडीदार. बारावीनंतर ती व्यावसायिक स्पर्धांत उतरली, आणि तिच्यामागून मीही. क्रमवारीत नाव नसल्याने आधी पात्रता फेऱ्या खेळाव्या लागत. एकेरीत बाई वर्षभर बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत हरली. "आता कॉलेजकडे नीट बघ," तिची आई म्हणाली. बाई जेवता जेवता म्हणाली, "आई, मला हरवणाऱ्या मुली मी जवळून बघितल्यात. तसं मला खेळता येईल. थोडा वेळ दे." आईने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

एका स्पर्धेहून परतताना आम्ही नाशिक रोडला उतरलो. फलाटावरच्या बाकावर बसून ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी दुसरी जोडीदार बघते."

मी बॅग उचलून उभी राहिले.

"तू वाईट खेळत नाहीस गं. पण तू माझ्यासाठी खेळतेस. सामन्याआधी तू रात्रभर जागी असतेस, ते मला दिसतं."

मी रिक्षा करून एकटीच घरी गेले. कित्येक महिने तिच्याशी बोलले नाही. पण रॅकेट माळ्यावर टाकल्यावर मला शांत झोप लागायला लागली, हेही खरं. मग मी फिजिओथेरपीला प्रवेश घेतला, तो कुणी मागे न लागता.

बाई खेळत राहिली. पात्रता पार करून मुख्य स्पर्धेतला पहिला सामना जिंकली, तेव्हा तिचा फोन आला. "आता तरी बोलशील?" मी आधी रडले, मग तासभर बोलत सुटले.

मागच्या महिन्यात ती थेट माझ्या दवाखान्यात आली. दोन दिवसांनी परदेशी जायचं होतं, आजवरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला. मनगटाला पट्टी होती. घरी आणि सरांना तिने ‘किरकोळ आहे’ असं सांगितलं होतं. मी पट्टी सोडवून मनगट हळूच वळवलं.

"दुखतंय?"

"हो म्हटलं तर खेळू देशील?"

"नाही."

तिने मान खिडकीकडे वळवली. हात मात्र माझ्या हातातून काढून घेतला नाही.

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप."

विमानाचं तिकीट तिने तिथेच, माझ्यासमोर बसून रद्द केलं.