कांद्याच्या पोत्यातला ट्रान्झिस्टर

आमच्या घरात स्मगलिंगचा माल आहे, हे मला माझ्या लेकीच्या, श्रद्धाच्या कांदेपोह्यांच्या दिवशी सकाळी आठवलं. निमित्त मध्यस्थ मावशींचा फोन : "मुलाचे वडील कस्टम्समधून रिटायर झालेत बरं का."

माल म्हणजे सासऱ्यांचा जपानी ट्रान्झिस्टर. सासरे मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या तरुणपणी परदेशी वस्तूंवर बंधनं, म्हणून खाडीत गुपचूप होड्या लागायच्या. घड्याळं, रेडिओ, नायलॉनच्या साड्या उतरायच्या. कारखान्यातल्या नोकरीसाठी पिंपरीला येताना त्यांनी त्यातलाच एक आणला. पाहुणा आला की ही कथा सांगायची, हा त्यांचा नेम.

"बाबा, आज एक शब्द नाही."

"सूनबाई, बाजार खुला झाला, तोच माल आता मॉलात मिळतो. धंदाच बुडाला. मला कोण पकडतंय?"

"तुम्हाला नाही पकडणार. श्रद्धाला नाकारतील. आणि तिला मुलगा फोटोवरूनच आवडलाय."

त्यांनी ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला. मी कामाला लागले. पाहुणे कपाटं उघडतात (उघडत नाहीत, पण मी सगळ्या शक्यता धरते), म्हणून ह्यांनी चाकणहून आणलेल्या कांद्याच्या पोत्यात मी ट्रान्झिस्टर खोचला. पोतं बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात. वर ठेवणीतली चादर.

पाहुणे आले, पण मुलाच्या वडिलांनी श्रद्धाकडे पाहिलंच नाही. ते पोत्याकडे पाहत होते.

"त्यात काय?"

"कांदे," मी म्हणाले.

"कांद्यांना चादर?"

"थंडी लागते," आमचे हे म्हणाले. (मे महिना होता.)

गृहस्थ उठले, पोतं दोन ठिकाणी दाबलं, बाही सरसावली आणि कोपरापर्यंत हात घालून थेट ट्रान्झिस्टर बाहेर काढला.

"होडीतला आहे," सासरे उभे राहिले. "दोष माझा. पोरीचा नाही."

गृहस्थ ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसले. "आजोबा, माझी उमेदीची वर्षं तुमच्या त्या होड्यांमागे गेली. मग सगळं दुकानात आलं. होडीवाले बसले, तसे आम्हीही बसलो. शेवटी नुसते कागद तपासायचो. किती वर्षांनी आज काहीतरी सापडलं हो."

पुढे दोघं खाडीवरच बोलत राहिले. मुलगी बघायची राहूनच गेली. निघताना ते मला म्हणाले, "विहीणबाई, आमचा होकार. ज्या घराला साधा रेडिओ लपवता येत नाही, तिथली माणसं सरळच असणार."

लग्नाची सगळी व्यवस्था मीच बघणार, असं मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं.

"बघ की," श्रद्धा म्हणाली. "फक्त दागिने कुठे ठेवायचे, ते तू ठरवू नकोस."