अडतिसाव्या दिवसाची खिडकी

साडेतीन वर्षं एकही सकाळ न चुकवता कुंडलिनी योग करणारा, आणि तरीही सलग चाळीस दिवस पुरे न झालेला माणूस माझ्या शेजारी राहतो. त्याची आणि माझी भिंत एक आहे. पहाटे पाच वाजता त्या भिंतीतून जो आवाज येई, त्याला मी पहिले दोन महिने पाण्याचा पंप समजत होतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर प्लंबरला बोलावून आणलं. प्लंबरने भिंतीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि हा पंप माणसाचा आहे, आपल्या कामाचा नाही, असा निर्वाळा देऊन तो निघून गेला.

या माणसाला सगळे काटेवाले म्हणतात. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. घरातल्या मधल्या खोलीत त्यांचं टेबल आहे, आणि टेबलावर मखमलीचं अस्तर लावलेली लाकडी पेटी. तिच्यात पितळी वजनं असतात. ती ते चिमट्याने उचलतात. बोटाने उचललं तर घामाने वजन वाढतं म्हणे. मी एकदा सहज म्हणून एक वजन हातात घेतलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या तान्ह्या मुलाला कानाला धरून उचललंय. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सासऱ्यांच्या दुकानातला काटा तपासला, पाच ग्रॅमचा फरक निघाला आणि त्यांनी शिक्का मारायला नकार दिला. लग्न तरी कसं झालं, असं मी त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या वडिलांचं मत असं पडलं की हा माणूस आपल्यालाही सोडत नाही, म्हणजे मुलीला कोणी नाडणार नाही.

असा माणूस योगाकडे वळला तो चिरंजिवांमुळे.

चिरंजीव म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. वय तिशीच्या अलीकडे, उंच, हसरा, बोलायला गोड. एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. एकदा सकाळच्या पाळीला पिऊन गेला आणि रंगाच्या डब्यांची अख्खी थप्पी आडवी केली. माणूस कोणी सापडला नाही हे नशीब. नोकरी गेली, पिणं राहिलं. मग व्यसनमुक्ती केंद्र झालं. तिथे योगाच्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, रोज सकाळी एकतीस मिनिटं, सलग चाळीस दिवस. एक दिवस चुकला, किंवा मधे एक घोट घेतला, की पुन्हा पहिला दिवस. चिरंजीव म्हणाले, मला एकट्याला नाही जमणार. काटेवाले म्हणाले, मी बसतो.

आणि बसले. पोट सुटलेला, पन्नाशी उलटलेला माणूस मांडी घालून, घोटे धरून, पाठीचा कणा पुढेमागे हलवतोय, हे दृश्य मी पाहिलं आहे. पहिला महिना घोट्यांपर्यंत हात पोचत नव्हते, म्हणून ते पायजम्याच्या टोकांना धरत. पाठीच्या तळाशी एक शक्ती वेटोळं घालून झोपलेली असते आणि ती जागी करायची असते, असं बाईंनी समजावलं, तेव्हा यांनी विचारलं, तिला झोपू दिलं तर चालेल का, मला फक्त मुलाला पाच वाजता उठवायचंय. मूलबंधाच्या वेळी बाई म्हणाल्या, खालचे स्नायू जरा आत ओढून धरा. यांनी विचारलं, जरा म्हणजे किती? बाईंनी अनेकांना शिकवलं असेल, पण मूलबंधाचं माप मागणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला.

नियमाची दुसरी अर्धी बाजू काटेवाल्यांनी स्वतः घातली. दोघांचा आकडा एकच. मुलाचा दिवस चुकला, की बापाचाही पहिला दिवस. बाईंनी सांगून पाहिलं, की अहो, तुम्ही तुमचा वेगळा मोजा, तुमचं नुकसान कशाला. ते म्हणाले, एक पारडं उचललेलं ठेवून दुसऱ्यात वजन घालत बसणं हा वेडेपणा आहे. आधी काटा शून्यावर आणायचा, मग मोजायचं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते पेन्सिलने आकडे लिहीत. शाईने नाही, कारण खोडावं लागे. सात. खोड. एक. दोन. तीन. खोड. एक. एकदा अकरा, एकदा सतरा, एका हिवाळ्यात तेवीस. वहिनींनी चमच्यांच्या खणात खोडरबर ठेवलं होतं. ते झिजून संपलं की त्या किराण्याच्या यादीत साखरेखाली पुन्हा लिहीत. दुकानदाराला वाटे, घरात नातवंडं आली असावीत.

चुकलेलं कळायचं कसं, हे सांगायला हवं. चिरंजीव रात्री कुठे जात, काय करत, हे काटेवाल्यांनी कधी विचारलं नाही. खिसे तपासले नाहीत. गरजच नव्हती. मधली खोली नऊ बाय दहाची. थंडी असो नसो, खिडकी बंद, कारण वाऱ्याने काटे हलतात. पितळेच्या पॉलिशचा आणि मशीनच्या तेलाचा वास तिथे कायमचा मुरलेला. त्या खोलीत शेजारी शेजारी दोन सतरंज्या, आणि हात वर करून, नाकाने भराभर श्वास आतबाहेर टाकत तीन मिनिटं. आदल्या संध्याकाळचं जे काही पोटात असेल, ते तीन मिनिटांत खोलीभर होई. लवंग चघळा, दात तीनदा घासा, काही उपयोग नाही. ज्या योगाने मुलगा सुटायचा, त्याच योगाने तो पहाटे पकडला जात होता.

वास आला की काटेवाले श्वास थांबवत. हात खाली घेत, उठत, खिडकी उघडत. मग परत येऊन बसत आणि उरलेली मिनिटं पूर्ण करत. शेवटी दोघं उताणे पडत, डोळे मिटून. त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन खोडरबर. वहिनी म्हणत, मला आत जायची गरजच पडत नाही, खिडकीची कडी वाजली की मी खण उघडून ठेवते. हे त्या हसत सांगत. तीन वर्षांत मी त्यांना याच एका गोष्टीवर हसताना पाहिलं असेल.

चिरंजीव चिडत. एकदा जिन्यात मला म्हणाले, "काका, माझा बाप माणूस नाही, परीक्षेचा पर्यवेक्षक आहे." मी म्हटलं, पर्यवेक्षक तुझ्याबरोबर पेपर पुन्हा पुन्हा लिहीत नाही. ते हसले, मला चहाला चला म्हणाले आणि दुसऱ्याच पहाटे चौदाव्या दिवसाचा एक झाला.

चौथ्या वर्षी मात्र काहीतरी वेगळं झालं. गोदामाच्या मॅनेजरने निरोप पाठवला, की केंद्राने चाळीस दिवसांचं पत्र दिलं तर पुन्हा घेतो, फोर्कलिफ्टवर नाही, आधी नुसता माल मोजायला. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, पत्र देते. कॅलेंडर आणायचीही गरज नाही, काटेवाल्यांनी सही केली की झालं. तो माणूस सख्ख्या सासऱ्याला पाच ग्रॅम सोडत नाही, मी आणखी काय तपासणार?

आकडे वाढायला लागले. तेवीस झाला, चोवीस झाला. चोविसाव्या दिवशी काटेवाल्यांनी मला भिंतीवर टकटक करून उठवलं आणि गॅलरीत येऊन फक्त "चोवीस" एवढं सांगितलं. तिसावा गेला. चिरंजिवांच्या गालावर रंग आला. मी स्वतः, जो आठ वाजल्याशिवाय अंथरुणातून उठत नाही, पाचला जागा होऊन भिंतीला कान लावून पडायला लागलो. दोन पंप एका तालात चाललेले ऐकू येत. वरच्या मजल्यावरच्या बाईही आता तक्रार करत नव्हत्या. आकडा त्यांनाही माहीत होता, सगळ्या इमारतीला माहीत होता. वहिनींनी मुलासाठी दोन शर्ट इस्त्री करून कपाटाला टांगून ठेवले आणि खोडरबर खणातून काढून कुठेतरी टाकून दिलं.

अडतिसाव्या सकाळी मी ऐकत होतो. श्वास सुरू झाले. नेहमीच्या जागी एक पंप मंदावला, थांबला. मी श्वास रोखून खिडकीच्या कडीची वाट पाहिली. कडी वाजली नाही. थोड्या वेळाने तोच पंप पुन्हा सुरू झाला. मी मनात म्हटलं, म्हातारा दमला असेल, आणि झोपलो.

काय झालं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, काट्यातला बिघाड सांगावा तसं. वास आला होता. हलका होता. एखादा पेला असेल, जास्त नाही. ते उठायला निघाले. एक गुडघा उचललासुद्धा. मग समोर टेबलावरची पेटी दिसली, तिच्या पलीकडे दारातून कपाटाला टांगलेले शर्ट दिसले. गुडघा पुन्हा खाली ठेवला. एकतीस मिनिटं झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी अडतीस लिहिलं. हात थरथरला नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

एकोणचाळीस लिहिलं, चाळीस लिहिलं. केंद्रात जाऊन सही केली. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या, नव्या मंडळींना उठून उभं केलं. वहिनी रडल्या. घरी केक आणला होता, मलाही बोलावलं होतं. मी दोन तुकडे खाल्ले आणि चिरंजिवांची पाठ थोपटली. तो मुलगा केकचा तुकडा बशीत तसाच ठेवून बसला होता. मला वाटलं, आनंदाने भूक गेली असेल. मी लोकांना हसवून पोट भरणारा माणूस, मला चेहरे वाचता येतात असा माझा समज आहे.

मी निघाल्यावर, वहिनी भांडी घासत असताना, मुलगा मधल्या खोलीत बापासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, परवा वास आला होता तुम्हाला."

"आला होता."

"मग खिडकी का नाही उघडलीत?"

काटेवाले म्हणाले, दोनच दिवस राहिले होते. नोकरीचं होतं. तुझ्या आईचं होतं. थोडाच होता.

"तुम्ही खिडकी उघडायचात ना, तेव्हा मला तुमचा राग यायचा," मुलगा म्हणाला. "पण मला वाटायचं, यांना अजून वाटतंय की मी करीन. म्हणून एकपासून लावतात. शंभरदा लावतात." मग म्हणाला, "आता नाही ना वाटत?"

नाही वाटत, असं नव्हतं, काटेवाले मला म्हणाले. वाटतं, असंही म्हणता येईना. त्या क्षणी तपासून पाहिलं, तर काटा कुठल्याच बाजूला जात नव्हता. तपासायला जितका वेळ लागला, तितक्यात मुलगा खोलीबाहेर गेला होता.

नोकरी सात आठवडे टिकली. चिरंजीव गोदामाजवळच्या एका मित्राच्या खोलीवर राहायला गेले होते, तिथूनच पुढे कुठेतरी गेले. आईला अधूनमधून फोन येतो. जेवलीस का, पाय दुखतो का, एवढंच. बापाबद्दल विचारत नाही. वहिनी फोन स्पीकरवर ठेवतात आणि काटेवाले टेबलाशी मान खाली घालून काम करतात. त्या पाच मिनिटांत हातातला स्क्रू एक आटासुद्धा फिरत नाही. शर्ट अजून कपाटाला टांगलेले आहेत, ते घेऊन जायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

काही दिवसांनी वहिनींना कॅलेंडरखाली नव्या खोडरबराचा चुरा सापडला. शेवटचे तीन आकडे खोडलेले होते. पण त्यांच्या जागी एक लिहिलेला नव्हता. लिहिणार कसा? दोघांचा आकडा एकच हा नियम त्यांनीच घातलेला, आणि दुसरा माणूस सतरंजीवर नाही. नियम मोडायचा तर तो एकदा मोडून झालाच होता. केंद्रात जाऊन त्यांनी बाईंना खरं काय ते सांगितलं. बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, आता काय त्याचं. ते म्हणाले, जाऊ देऊनच तर हे झालं. दुकानदारांचे काटे अजूनही त्यांच्याकडे येतात, पण तपासून झालेला काटा ते दुसऱ्या दिवशी परत तपासतात आणि तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाइकं कुरकुरतात, हळूहळू दुसरीकडे जाताहेत.

पहाटे पाचला मात्र पंप सुरू होतो. एकच. गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही, मी कपडे केले आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनींनी आत घेतलं, न विचारता. मधल्या खोलीत दोन सतरंज्या अंथरलेल्या होत्या. एकीवर ते, हात वर केलेले, डोळे मिटलेले. घोटे धरताना हातही आता सहज पोचत होते. साडेतीन वर्षांत एवढं मात्र झालंय, कणा तरण्या पोरासारखा सरळ आहे. उन्हाळा सुरू झालेला, आणि खोलीत श्वास कोंडत होता. झाल्यावर मी म्हटलं, बसू का उद्यापासून तुमच्या शेजारी? ते म्हणाले, नको, ती जागा आहे कोणाची तरी. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं की निदान खिडकी तरी उघडी ठेवत जा, उकडून मराल.

त्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं, मग रिकाम्या सतरंजीकडे. म्हणाले, हल्ली नुसता तेलाचा वास येतो.

"त्याचा तो वास आला तरी चालेल," ते म्हणाले. "उठून उघडता तरी येईल."