इसोगाईंचा कान आणि चौथा भोंगा

इसोगाई म्हातारा भर दुपारी रबरी नळी कानाला लावून शेजाऱ्यांची भांडणं ऐकतो, अशी बातमी किर्यू शहरातल्या त्या गल्लीत टोफूवाल्या वाकुईबाईंनी सोडली होती. बातमीतली नळी तेवढी खरी. तिचं दुसरं टोक कुणाच्या भिंतीला नव्हे, इंजिनाच्या तोंडाशी असायचं. शिवाय वाकुईबाईंच्या घरचं भांडण ऐकायला नळी लागतेय कुणाला?

इसोगाई हौशी शर्यतवाल्यांच्या गाड्या सुधारून देत. ज्या इंजिनात हवा एकाच तोंडाने जाते, तिथे ते प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बसवत. चार सिलिंडर, चार तोंडं, प्रत्येक तोंडावर ॲल्युमिनियमचा भोंगा. चौघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. बाकीचे त्यासाठी मीटर लावतात. इसोगाई भोंग्यापाशी नळी धरत, ऐकत आणि स्क्रू फिरवत.

यंदा मात्र डावा कान दगा देऊ लागला. बायको कियोए जेवायला हाक मारी, तर हे "चहा नको" म्हणत. डॉक्टरकडे जायचं सोडून त्यांनी जाहीरच करून टाकलं, "नुकिनाचं इंजिन कानाने जुळलं नाही, तर दुकानाचं शटर ओढलं समजा." नुकिना म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी; त्याचीच गाडी सध्या दुकानात होती. त्याच्या खुर्चीत हे वाक्य पडलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

इंजिन जोरात चालवून बघायचं, म्हणून कियोएबाईंनी रिवाजाप्रमाणे आदल्या दिवशीच दारोदार मांजूचे, म्हणजे गोड सारणाच्या वाफवलेल्या पावांचे, डबे दिले. "उद्या आवाजाचा त्रास होईल, सांभाळून घ्या." "छे छे, त्रास कसला!" म्हणत लोकांनी डबे घेतले आणि सकाळी खिडक्या लावून बसले.

भोंगे उघडे होते तोवर चौघांचा श्वास एकसारखा. त्यांच्यावर हवेची पेटी बसवून झाकण लावलं, की वेग वाढवताच इंजिन ठसकायचं. झाकण काढा, ठीक. लावा, ठसका.

"टाका ना काढून ते खोकं!" नुकिना म्हणाला. "भोंगे उघडे असले की कसे गर्जतात! लोकांनी वळून बघितलं पाहिजे."

"बंद पडलेल्या गाडीकडेही बघतात. पेटी काढली तर इंजिनावरची तापलेली हवाच पोटात जाईल."

"अहो," कियोए हळूच म्हणाली, "मीटर मागवू का कुणाकडून?"

"मी मेलोय का?"

हे ओरडून झालं खरं, पण म्हातारा स्टुलावर बसला तो उठेना. आजवर आपण ऐकलं ते उघड्या भोंग्यांचं. दुखणं तर झाकणाखाली होतं.

मग त्यांनी चक्क झाकणालाच भोकं पाडली, प्रत्येक भोंग्यासमोर एक. एका वेळी तीन भोकांना रबरी बूच, उरलेल्यातून नळी आत. नुकिनाला गाडीत बसवून वेग वाढवायला लावला. पहिला भोंगा ठीक, दुसरा, तिसरा ठीक. चौथा मात्र कुणी तोंडावर हात धरल्यासारखा. त्यांनी नळी उजव्या कानातून डाव्यात घातली. तिथेही तेच ऐकू आलं. कियोएला वाटलं, म्हातारा हसला. नक्की सांगता येत नाही.

बॉनेटखाली मावावं म्हणून पेटीचं झाकण त्या टोकाला उतरतं केलेलं होतं, आणि चौथ्या भोंग्याची कड त्याला जवळजवळ टेकत होती. इसोगाईंनी तो भोंगा बोटभर कापला, कड पुन्हा गोल केली, झाकण लावलं. इंजिन न ठसकता वर चढलं. पेटीतून बाहेर आली ती नुसती जाडसर घरघर. नुकिनाचं तोंड पडलं, पण तो गाडीतून उतरायलाही तयार नव्हता.

बंद खिडक्यांआड सकाळची गर्जना थांबली एवढंच कळलं, पुढचं काहीच नाही. मांजू खाल्लेले, तेव्हा विचारणार कसं? शेवटी वाकुईबाईच हातात झाडू घेऊन दारात आल्या.

"काय हो इसोगाई-सान, बंदच पडलं वाटतं? आम्ही आपले सकाळपासून कान झाकून बसलोय! म्हटलं, तुम्ही शटर ओढायच्या आत भेटून तरी घ्यावं."

इसोगाई नळी पुसत म्हणाले, "शटर उघडंच राहणार आहे, वाकुईबाई. आवाज हवा असेल तर मांजू परत करा, झाकण काढतो."