मैलकाकांचा मीटर

आमच्या नाटक कंपनीचा ट्रक मैलकाकांनी तीस वर्षं चालवला. मागे पडद्यांवर रंगवलेला राजवाडा, जंगल आणि गुंडाळून ठेवलेलं चांदणं, पुढे काका. ट्रक जुना, त्याचा मीटर मैलांचा. काका रस्ता ओळखायचे तो मीटरवरूनच. स्टिअरिंगसमोरच्या फळीवर खडूनं आकडा लिहायचा, तो भरला की वळायचं. कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी ट्रक त्यांनाच देऊन टाकला.

हल्ली ते दोनदा वाट चुकले. लेक प्रोग्रामर. तिनं बजावलं, "बाबा, अजून एकदा चुकलात तर किल्ली माझ्याकडे." पण मायेनं त्यांच्या फोनवर वाट सांगणारा प्रोग्रामही करून दिला. लांबलचक बोलणं काकांना खपत नाही, म्हणून वाक्यं छाटून छोटी केली.

त्या सकाळी काका आणि मी, कंपनीतली जुनी नटी, असे आम्ही दोघं आमचं जुनं थिएटर बघायला निघालो. फोन म्हणाला, "बारानंतर डावीकडे." काकांनी फळीवर बारा लिहिले. बाहेर धुकंच धुकं. रस्ता झोपेत चालल्यासारखा. आकडा भरला, ट्रक वळला, आणि समोर तळं! पाण्यावर धुकं असं थांबलेलं, जणू पडदा आता वर जाईल.

"बाई, थिएटर इथंच होतं ना हो?" मला विचारताना काकांचा आवाज एवढासा झाला.

फोन करताच लेक स्कूटरवरून आली. हात पुढे केला. "द्या किल्ली."

"घे. पण मीटर बघ आधी. बारा पडले तेव्हाच वळलोय."

ती वाकली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे तर मैल! मी प्रोग्रामला मैल की किलोमीटर ते सांगितलंच नव्हतं. न सांगितलं तर आपण ज्या देशातून निघालो त्यावरून तो ठरवतो. त्यानं किलोमीटर धरले, आणि तो शब्दच मी छाटला!"

"म्हणजे तुझ्या यंत्राला मी कुठून निघालो ते ठाऊक, कशात बसलोय ते नाही."

"मला तरी कुठं ठाऊक होतं, बाबा?"

ट्रकच्या पायरीवर बसून तिनं लॅपटॉपवर एकच ओळ घातली. मग स्कूटर मागे चढवली, किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली आणि आमच्या दोघांत दाटीवाटीनं बसली.

"साडेचार मैलांनंतर उजवीकडे," फोन म्हणाला.

काकांनी ट्रक आल्या वाटेनं मागे फिरवला, बारा पुसले, साडेचार लिहिले. आकडा भरला आणि धुक्यातून थिएटरचा उंच दरवाजा हळूहळू पुढे आला. किल्ली कुणी परत मागितली नाही. मागे काहीतरी हलकेच सळसळलं. स्कूटरच असेल, मला मात्र वाटलं, चांदणं अजून तिथंच आहे.