पोपटी दरवाजा

सोसायटीतले झाडून सगळे दरवाजे कॉफी रंगाचे, आणि ते रंगवलेले एकाच माणसाने. म्हणून त्यांना सगळे रंगारीकाकाच म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायचे कष्ट कोण घेतो? उभा जन्म लोकांची घरं रंगवून त्यांनी स्वतःचं दोन खोल्यांचं घर इथे घेतलं, तेव्हा इमारती नव्याकोऱ्या होत्या आणि दरवाजांवर नुसता प्रायमर होता. पहिल्याच सभेत काका उत्साहाने उठून उभे राहिले. सगळ्यांचे दरवाजे एकाच रंगाचे असावेत, म्हणजे कोणी लहान नाही की मोठा नाही, असं म्हणाले. कॉफी रंग मळखाऊ म्हणून तोही त्यांनीच सुचवला. टाळ्या पडल्या, नियम झाला, आणि काम काकांनाच मिळालं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काकूंना सगळी सभा हावभावांसकट ऐकवली होती.

पुढे नियमांना पिल्लं होत गेली. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, दाराबाहेर चपला ठेवायच्या नाहीत, मुलांनी आवारात चेंडू आणायचा नाही. मोठ्याने शिंकायला बंदी तेवढी व्हायची राहिली होती. अध्यक्ष एका बड्या कचेरीतून निवृत्त झालेले. तिथे हाताखाली माणसं होती, इथे रहिवासी सापडले.

काकू आधी चष्मा विसरायला लागल्या, मग शेजारणींची नावं, आणि मग आपलं घर. सकाळी खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसायचा त्यांचा जुना शिरस्ता. काका सोबत निघाले की डोळे वटारायच्या. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? या तुम्ही घरात." परत येताना मात्र जो दरवाजा उघडा दिसेल त्यात शिरायच्या. एकदा समोरच्या वहिनींकडे पलंगावर बसून त्यांच्याच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वहिनी हसून म्हणाल्या, "राहू द्या हो काका, माझं काम हलकं झालं." काकाही हसले आणि काकूंना घरी घेऊन आले. वरच्या मजल्यावरचा एकजण तर काकूंच्या अंगावर खेकसला. त्या दिवशी त्या जिन्यातच बसून रडल्या, आणि नंतर बागेत जायलाच तयार होईनात.

काकूंच्या माहेरचा दरवाजा पोपटी होता. लग्न झाल्यापासून त्या दरवाजाचं कौतुक काकांनी इतक्यांदा ऐकलं होतं की तो त्यांना स्वतः रंगवल्यासारखा वाटायचा. त्यांनी जुने ब्रश रॉकेलमध्ये भिजवले, पॉलिश पेपरने कॉफी रंग घासून काढला, खाचाखोचांत लांबी भरली आणि पोपटी रंगाचे दोन हात दिले. काकूंना समोर उभं करून विचारलं, "हे घर कोणाचं?"

"माझं!" काकू म्हणाल्या. "असं काय वेड्यासारखं विचारता?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा एकट्या बागेत जायला लागल्या. जिना चढून आल्या की तळहात दरवाजावर सपाट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आलं बाई घर एकदाचं." काका आत कान लावून उभे असायचे. त्या शब्दांनी त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

हे सुख अध्यक्षांच्या डोळ्यांत सलायला वेळ लागला नाही. आधी तोंडी समज आली, मग नोटीस, मग सभा. काका उभे राहिले. आयुष्यात रंगाशिवाय कशावर बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि आज बायकोचं आजारपण चारचौघांत उघडं करायचं होतं.

"तिला आकडे ओळखू येत नाहीत, अक्षरं लागत नाहीत," ते म्हणाले. "रंग तेवढा ओळखते. दरवाजा माझ्या घराचा आहे हो. कोणाला काय त्रास आहे त्याचा?"

"आज तुमचा पोपटी, उद्या कोणाचा जांभळा," अध्यक्ष म्हणाले. "आणि काका, हा नियम सुचवला कोणी होता?"

काका खाली बसले. काहीजण हसले. हसण्यात फारसा दुष्टपणा नव्हता, पण लागायचं ते लागलंच. मग पोपटी रंगाच्या विरोधात हात वर करायला सांगितलं, आणि हात वर झाले. त्यात समोरच्या वहिनींचाही होता. त्यांना गॅलरीला जाळी बसवायची परवानगी हवी होती, ती अध्यक्षांच्या हातात होती. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

काका हट्टाला पेटले. सोसायट्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कचेरीत अर्ज केला. तिथे तारखेवर तारीख पडत राहिली. सुनावणीला जाताना काका इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि येताना घामेजून यायचे. निकाल लागेपर्यंत दरवाजाला कोणी हात लावणार नाही, असं ते धरून चालले. एवढं तर माणूस धरून चालतोच.

एकदा ते काकूंना दवाखान्यात घेऊन गेले. परतले तेव्हा दरवाजा कॉफी रंगाचा झालेला होता. समितीने कोणालातरी आणून उरकून घेतलं होतं. खालचा रंग न घासता वरून फासलेलं, कडेला ओघळ आलेले, कुलूपही बरबटलेलं. काकांना आधी त्या कामाचाच राग आला. मग त्यांचं काकूंकडे लक्ष गेलं.

काकू दरवाजा ओलांडून पुढे निघाल्या होत्या. काकांनी हात धरला, तर सोडवून घेतला. त्या सगळे मजले चढल्या, सगळे उतरल्या. प्रत्येक दरवाजासमोर थांबायच्या, मान हलवायच्या. काका कुलूप उघडून विनवत होते, "अगं, हेच आपलं घर. आत बघ, तुझी खुर्ची आहे."

"असं दुसऱ्यांच्या घरात शिरू नये," काकू हळूच म्हणाल्या. "बरं दिसत नाही."

दिवेलागणीला पाय दुखायला लागले तेव्हा कुठे त्या आत आल्या. पण पाहुण्यासारख्या. खुर्चीच्या कडेला बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "पाणी मिळेल का, भाऊ?"

लग्नाच्या नवऱ्याला भाऊ! काकांनी पाणी दिलं आणि मोरीत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडले.

त्यानंतर काकू स्वतःच्या घरात पाहुणीच राहिल्या. विचारल्याशिवाय डब्याला हात लावायच्या नाहीत. जेवण झालं की, "फार त्रास दिला तुम्हाला," म्हणायच्या. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी उभ्या. "निघते आता. घरी वाट बघत असतील." काका म्हणायचे, "बसा ना थोडा वेळ. मी सोडतो नंतर." बायकोला अहो-जाहो करायची त्यांना सवय झाली.

निकाल लागला तो काकांच्या बाजूने. दरवाजा घरमालकाचा, समितीने न विचारता त्याला हात लावायला नको होता, पोपटी रंग परत करून द्यावा, असा. अध्यक्षांनी माणूस पाठवायची तयारी दाखवली. "तुमच्या माणसाचं काम पाहिलंय मी," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच ब्रश काढला. समोरच्या वहिनी खाली मान घालून चहा घेऊन आल्या. काकांनी तो घेतला. भांडायला अंगात त्राण कुठे होतं?

रंग वाळल्यावर काकांनी काकूंना हात धरून बाहेर आणलं, दरवाजा ओढून घेतला आणि त्यांना समोर उभं केलं. काकू बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तळहात दरवाजावर सपाट ठेवला. काकांनी कान दिला.

"अगदी अस्साच आहे हो आमचा दरवाजा," काकू म्हणाल्या. "ह्यांनी रंगवलाय, माझ्यासाठी."

"हो का?" काका कसेबसे म्हणाले.

"हो. फार मायेचा माणूस." काकूंनी हात काढून घेतला आणि पिशवी सावरली. "या ना एकदा आमच्याकडे. पोपटी दरवाजा विचारा, कोणीही दाखवेल."

"येईन," काका म्हणाले. "नक्की येईन."